पैशाचं सोंग आणता येत नाही, मग सकारात्मक विचारांनी पैशाचं नेमकं काय होतं?

हिशेबनीस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सकारात्मक विचार आणि पैसा हा विषय निघाला की दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, मनात श्रीमंती आणा, पैसा मागोमाग येतो. दुसरं म्हणतं, ही सगळी भरल्या पोटाची भाषा आहे, महिनाअखेरीला वाणी उधारीच्या वहीत तुमचे विचार जमा धरत नाही. मी एका पतसंस्थेत कर्ज आणि वसुली खात्यात उभी नोकरी काढली. दोन्ही मतांची माणसं टेबलापलीकडे बसलेली पाहिली. माझं मत या दोन्हींहून वेगळं झालं आहे. ते सविस्तर मांडतो, मग तुम्ही बोला.

वसुलीवर काम करणाऱ्याला कर्जदाराचा अंदाज पगारपत्रकावरून कमी आणि वागण्यावरून जास्त येतो. हप्ता चुकणार असं दिसताच, तो चुकायच्या आधी जो शाखेत येऊन सांगतो, "साहेब, या महिन्यात ओढाताण आहे, काय करता येईल?", तो बहुतेक वेळा तरतो. ज्याचा फोन लागेनासा होतो, जो शाखेवरून जायचं टाळून मागच्या गल्लीने घरी जातो, तो अडकत जातो. दोघांची कमाई सारखी असू शकते, कर्जाची रक्कमही. पण पहिल्यासाठी मॅनेजरच्या हातात पर्याय शिल्लक असतात. मुदत वाढवून हप्ता उतरवता येतो, थोडी रक्कम भरून घेऊन पुढचा महिना सांभाळता येतो. दुसऱ्याच्या बाबतीत आमचेही हात बांधले जातात. बँकेत हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक धरलं जातं. पतसंस्थेत नोटिसा निघतात, जामीनदारांना पत्रं जातात आणि शेवटी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला जातो. मूळ अडचण एक-दोन हप्त्यांची असते. वर दंडव्याज, नोटिशीचा खर्च आणि जामीन राहिलेल्या मेहुण्याशी कायमचं बिनसलेलं नातं.

या पहिल्या माणसाकडे जे असतं त्याला मी सकारात्मक मन म्हणतो. सगळं आपोआप ठीक होईल, असं त्याला वाटत नसतं. उलट तो घाबरलेला असतो, घसा कोरडा पडलेला दिसतो. पण यातून वाट निघू शकते आणि ती शोधायला आपण जाऊ शकतो, एवढा त्याचा विश्वास असतो. आणि तेवढा पुरतो.

आकड्यांकडे पाहायचं टाळणं ही फक्त कर्जदारांची गोष्ट नाही. कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी या अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की शेअर बाजार चढा असताना लोक आपली गुंतवणूक वारंवार उघडून पाहतात आणि पडला की पाहणं कमी करतात. म्हणजे माहितीची गरज जेव्हा जास्त, तेव्हाच डोळे मिटलेले. पैसेवाल्यांचंही हेच होतं.

हे टाळणं किती महाग पडतं ते क्रेडिट कार्डावर बघा. समजा ५०,००० रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचं व्याज झालं १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५. किमान भरायची रक्कम पाच टक्के धरली तर २,५०० रुपये. ते भरले की माणूस सुटकेचा श्वास सोडतो, "चला, या महिन्याचं झालं." पण मुद्दलातून कमी झाले फक्त ४३५ रुपये. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की त्याच दिवशी माणूस कार्ड कपाटात टाकतो, असं मी पाहिलं आहे. अडचण असते ती कागद हातात घेण्याची.

आता आशावादाबद्दल. ड्यूक विद्यापीठाच्या मंजू पुरी आणि डेव्हिड रॉबिन्सन यांचा २००७ चा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या कुटुंबांच्या पाहणीत, आपण किती वर्षं जगू असं लोकांना वाटतं ते विचारलेलं होतं. तो आकडा आयुर्मानाच्या तक्त्याशी ताडून त्यांनी कोण किती आशावादी आहे हे ठरवलं. मध्यम आशावादी माणसं जास्त काम करणारी, बचत करणारी, कार्डाचं बिल वेळेवर भरणारी निघाली. अतिआशावादी मात्र बचतीत मागे, लांबचा विचार कमी करणारी. म्हणजे आशा हवी, पण तिला प्रमाण हवं.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गॅब्रिएल ओटिंगन यांनी यातला आणखी एक बारीक भेद दाखवला. नोकरी शोधणाऱ्या जर्मन पदवीधरांचा त्यांनी दोन वर्षं मागोवा घेतला. मनात छान नोकरीची चित्रं रंगवण्यात रमणाऱ्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे देकार कमी आले आणि पगारही कमी मिळाला. आपल्याला नोकरी मिळेल अशी आपल्या अनुभवावर बेतलेली अपेक्षा धरणाऱ्यांचं मात्र चांगलं झालं. चित्र रंगवताना मनाला काम झाल्याचंच समाधान मिळतं आणि अंगातला जोर ओसरतो, असं त्यांचं म्हणणं.

तुमचे अनुभव काय? मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने लिहा.

---

पारिजात

हिशेबनीस, फार छान मांडलंय. क्रेडिट कार्डाचा हिशेब घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते आहे.

पण एका मुद्द्यावर मी वेगळं सांगेन. तुम्ही मनाकडे फक्त कृतीच्या बाजूने पाहताय. कृतीच्या आधी माणसाला सकाळी अंथरुणातून उठावं लागतं. माझ्या यजमानांची नोकरी गेली तेव्हा आमच्या घरात पैशाइतकाच तुटवडा धीराचा होता. त्या काळात मी रात्री झोपताना वहीत त्या दिवशी मिळालेल्या चांगल्या गोष्टी लिहायला लागले. शेजारच्या काकूंनी मुलांना जेवू घातलं, शाळेनं फी दोन टप्प्यांत घ्यायचं कबूल केलं, असलंच काहीबाही. त्यानं उत्पन्न वाढलं नाही. पण "आपल्याकडे काहीच नाही" ही भावना गेली आणि त्या भावनेपोटी होणारा खर्चही गेला. नातेवाइकांच्या लग्नात आपण कमी दिसू नये म्हणून घेतलेली साडी, मुलांना वाईट वाटू नये म्हणून हट्टासरशी आणलेलं खेळणं. हे खर्च दुःखातून होतात, गरजेतून नाही.

नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हिड डिस्टेनो आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा प्रयोग यालाच दुजोरा देतो. कृतज्ञतेचा प्रसंग आठवून लिहिलेल्या लोकांनी, आत्ता मिळणारे थोडे पैसे सोडून नंतर मिळणाऱ्या जास्त पैशांसाठी थांबण्याची तयारी अधिक दाखवली. नुसता आनंदाचा प्रसंग आठवलेल्यांत तो फरक दिसला नाही. थांबता येणं म्हणजेच तर बचत!

म्हणून "मनात आणा" म्हणणाऱ्यांना सरसकट मोडीत काढू नका, एवढीच विनंती.

---

कृष्णाकाठ

दोघांचंही वाचलं. आता शेतकऱ्याची बाजू ऐका.

आमच्या भागात मन कधी चांगलं असतं ते कॅलेंडरवर दाखवता येतं. उसाचं बिल खात्यावर आलं की असतं. कायद्यानं ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला पाहिजे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं लिहिलेलंच आहे. पण बिल हप्त्या-हप्त्यानं येतं, कधी लांबतं. मार्च आला की सोसायटीचं नवं-जुनं करायचं असतं. त्यासाठी पंधरा दिवस कुणाकडून तरी हातउसने घ्यायचे, सोसायटी भरायची, नवीन कर्ज उचलून ते हातउसने फेडायचे. त्या पंधरा दिवसांत माणूस पोरांवर ओरडतो, खताची चुकीची गोणी उचलून आणतो, मोटर चालू ठेवून विसरतो. त्या वेळी त्याला कुणी सकारात्मक राहा म्हणून सांगितलं तर त्याला वाटतं, हा आपल्या जखमेवर फुंकर घालतोय का मीठ चोळतोय.

आणि ही फक्त माझी तक्रार नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पाहणी झाली होती. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी ती २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केली. तोडणीआधी, पैसा संपत आलेला असताना त्यांना कोडी सोडवायला दिली. तोडणीनंतर पैसे आल्यावर त्याच माणसांना पुन्हा दिली. तीच माणसं पैसे आल्यावर चांगली सोडवत होती. म्हणजे डोकं तेच. त्याच्यावरचा बोजा वेगळा.

म्हणून माझं म्हणणं, आधी पैसा वेळेवर द्या, मग मनाचं बोला. गरिबाला "तुझा माइंडसेट चुकतोय" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. हे मी रागानं लिहीत नाही. पण हे कुणीतरी स्पष्ट सांगायला पाहिजे.

---

दवबिंदू

कृष्णाकाठ, +१. शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. वाचते आहे.

---

हिशेबनीस

कृष्णाकाठ, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला वजन आलं. पूर्ण सहमत. त्यात भर म्हणून ओडिशातला एक प्रयोग सांगतो. सुप्रीत कौर, मुल्लैनाथन, सुआना ओ आणि फ्रँक शिलबाख यांनी तो केला. पत्रावळी लावणाऱ्या मजुरांना मजुरी सगळी मिळून तेवढीच दिली, फक्त काही जणांना तिचा मोठा भाग आधी दिला. हातउसने आणि किराण्याची उधारी ज्यांना आधी भागवता आली, त्यांचं काम सुमारे सात टक्क्यांनी वाढलं आणि पत्रावळी लावतानाच्या चुकाही कमी झाल्या. मजुरी नगावर असल्यामुळे जास्त काम म्हणजे जास्त कमाई. चिंता हलकी झाल्यावर हात चालतात, याचा इतका सरळ पुरावा मी दुसरीकडे पाहिला नाही.

मला यातून दिसतं ते असं. मन आणि पैसा यांचा रस्ता दुहेरी आहे. हाताशी दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम असलेला माणूस शांतपणे निर्णय घेतो, आणि लोक त्यालाच सकारात्मक म्हणतात. म्हणून कुणी मला विचारलं की मन खंबीर कसं करू, तर मी आधी बचत खात्यात हात न लावायची एक छोटी रक्कम वेगळी काढायला सांगतो. पाच हजार असू दे. तेवढ्यानंसुद्धा दवाखान्याच्या पहिल्या खर्चाला सावकाराकडे जावं लागत नाही.

पारिजात, तुमच्या वहीबद्दल मनापासून आदर आहे. दुःखातून होणारा खर्च हा मुद्दा माझ्या लिखाणात यायला हवा असा होता.

---

नवी_पालवी

मी पुण्यात आयटीत आहे, वय कमी आहे, पण एक गोष्ट इथल्या सगळ्यांनी ऐकावी असं वाटतं.

माझ्या वयाच्या मुलांपर्यंत सकारात्मक विचार पोचतो तो पतसंस्थेतून किंवा वहीतून नाही, मोबाइलवरच्या ट्रेडिंग ग्रुपमधून पोचतो. तिथे रोज सकाळी संदेश येतो, आज तू जिंकणार आहेस, स्वतःवर विश्वास ठेव. तोटा झाला की तो तोटा नसतो, शिकण्याची फी असते. कुणी तोट्याचा आकडा लिहिला की ॲडमिन त्याला निगेटिव्ह एनर्जी पसरवू नको म्हणून ग्रुपबाहेर काढतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या रूमवरच्या मित्राने पर्सनल लोन काढून ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरचा भाव पुढे कुठे जाईल यावर लावायच्या सौद्यांत घातलं. तो हुशार आहे, गणितात माझ्यापेक्षा पुढे. त्याला कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. पण ज्या ठिकाणी तोट्याबद्दल बोलायला बंदी आहे, तिथे माणूस थांबणार कसा?

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल वाचा. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. सरासरी दोन लाख रुपयांच्या आसपास, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. मला सर्वात जास्त हादरवणारा आकडा मात्र वेगळा आहे. लागोपाठ दोन वर्षं तोटा होऊनही ७५ टक्क्यांहून जास्त जण खेळतच राहिले. हिशेबनीसकाकांनी लिहिलेला अतिआशावाद तो हाच.

मी स्वतः एसआयपी करतो, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम, ती पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाते. त्यात मनाला काही विचारायचंच नसतं आणि मला तेच आवडतं.

---

ओसरीवरून

नवी_पालवी, तुमच्या शेवटच्या दोन ओळींत मोठा विचार आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेत हेच केलं होतं. आत्ता बचत वाढवा असं न सांगता, पुढच्या पगारवाढीपासून बचतीचा टक्का आपोआप वाढेल, एवढंच कामगारांकडून कबूल करून घेतलं. ४० महिन्यांत बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात आलेला पैसा सोडायला मन तयार नसतं, न आलेला सोडायला सहज तयार होतं. थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या गावाकडच्या भिशीलाही हीच युक्ती कळलेली आहे. दहा जणांसमोर आकडा बोलून झाला की माघार घेता येत नाही.

मी छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देतो. पापड, शिवण, खानावळ, गॅरेज अशी माणसं असतात. त्यामुळे टोगो देशातला प्रयोग मला जवळचा वाटतो. फ्रान्सिस्को कॅम्पोस, मिखाएल फ्रेझे आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. लोमे शहरातल्या १,५०० छोट्या धंदेवाल्यांचे तीन गट केले. एका गटाला हिशेब, विक्री, कागदपत्रं असं नेहमीचं प्रशिक्षण, दुसऱ्याला पुढाकार घेण्याचं प्रशिक्षण, म्हणजे संधी आधी हेरायची, अडचण आली तरी नेट सोडायचा नाही, गिऱ्हाइकाला वेगळं काय देता येईल ते शोधायचं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकाराच्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने वाढला ११ टक्के, आणि तोही पक्का म्हणता येण्यासारखा नव्हता.

कृष्णाकाठ यांच्या आक्षेपाला हे खोडून काढत नाही. टोगोतली ही माणसं आधीच धंदा करत होती, त्यांच्या हातात गल्ला होता. पण गल्ला आहे तिथे मनाची घडण खरोखर फरक पाडते, एवढं यातून म्हणता येतं. त्या वर्गात कुणी "मी यशस्वी आहे" असा जप करत नव्हतं हेही ध्यानात घ्या. प्रत्येकाने आपल्याच दुकानात या आठवड्यात काय बदलायचं ते ठरवून, करून यायचं होतं.

---

पारिजात

ओसरीवरून, जपाचा उल्लेख आलाच आहे म्हणून लिहिते. मीही सकाळी आरशासमोर काही वाक्यं म्हणायचे. पुढे वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड यांचा २००९ चा प्रयोग वाचनात आला. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच वाईट मत आहे, त्यांना स्वतःबद्दलची छान वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायला लावली तर त्यांना आणखी वाईट वाटतं. मनच आतून उलट उत्तर देतं. ज्यांना आधार सर्वात जास्त हवा, त्यांनाच हा उपाय टोचतो. तेव्हापासून मैत्रिणींना मी वाक्यं देत नाही, वही देते. वहीत घडलेलंच लिहायचं असतं, त्यामुळे मनाला खोटं पाडता येत नाही.

---

माणदेशी

इतका वेळ वाचत होते. आमच्या म्हसवडची गोष्ट कुणीच कशी काढली नाही म्हणून लिहायला बसले.

माण तालुका म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचा दुष्काळ. इथे चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. चेतनाताई निराश होऊन परतल्या. बायका म्हणाल्या, मग शिकू की लिहायला. दिवसभराचं काम आटोपून रात्री वर्ग भरले. काही महिन्यांनी त्या स्वतः रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती हा आमचा दोष नाही, पण हिशेब आम्हाला येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. ही हकीकत चेतनाताईंनी जाहीर भाषणांतून सांगितलेली आहे.

त्या बायकांच्या मनात आलेलं बळ कुठून आलं? व्याज तोंडी काढता येत होतं, त्यातून आलं. वर्षानुवर्षं शेळ्या, भाजी, बाजार करून अंगात मुरलेलं कसब होतं ते. पण "आपल्याला येतं" हे तोवर कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

आमच्या बचत गटातही हेच बघते. उमेद अभियानात गटाची पंचसूत्री असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. ऐकायला कोरडं वाटतं. पण पहिल्या बैठकीला जी बाई पदर डोक्यावर ओढून कोपऱ्यात बसते, ती वर्षभरानं "माझे दोन हप्ते झाले, तिसरा लिहा" असं सगळ्यांसमोर सांगते. तिला कुणी भाषण दिलेलं नसतं. दर महिन्याला थोडे पैसे भरले, गरजेला काढले, फेडले, आणि तिच्या शब्दावर चौघींनी विश्वास ठेवला. आवाज त्यातून येतो. पुढे तीच ग्रामसभेत रेशनबद्दल विचारते, तीच मुलीचं लग्न दोन वर्षं लांबवायला नवऱ्याशी भांडते.

आणि कृष्णाकाठदादा, तुमचं खरं आहे. ज्या वर्षी चारा छावण्या लागल्या त्या वर्षी आमच्याही गटांचे हप्ते थकले. धीर होता, पाणी नव्हतं. अशा वेळी गटानं हप्ता पुढे ढकलला, कुणाला ओळीनं उभं करून जाब विचारला नाही. माणूस धीर धरतो तो कुणीतरी थांबायला तयार असेल तर.

---

कृष्णाकाठ

माणदेशीताई, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. सोसायटीनं आणि कारखान्यानं असं वागावं, एवढंच आमचं मागणं.

---

रात्रपाळी

मी इथे क्वचित लिहिते. दवाखान्यात नर्स आहे. हा धागा वाचून विचारायचं धाडस करते आहे.

माझ्या मिस्टरांचा छोटा व्यवसाय आहे. त्यांनी कुठून कुठून कर्ज घेतलंय मला माहीत नाही. विचारलं की म्हणतात, "सगळं ठीक होईल, तू निगेटिव्ह बोलू नकोस, त्यानंच काम बिघडतं." मनानं चांगले आहेत, व्यसन नाही, मुलांवर जीव आहे. पण रात्री फोन आला की बाहेर जाऊन बोलतात. घरी कुरिअरने आलेली पाकिटं न फोडता कपाटावर ठेवलेली आहेत. मी ती फोडावीत का? आणि बोलायला सुरुवात कशी करू? भांडण नको आहे.

---

पारिजात

रात्रपाळी, लिहिलंत हे खूप चांगलं केलंत. पाकिटं त्यांच्या नकळत फोडू नका. एकदा विश्वास तुटला की पुढचं सगळं अवघड होतं. आमच्या घरी बोलणं सुरू झालं ते मी आधी माझे आकडे समोर ठेवले म्हणून. माझा पगार इतका, माझी पीएफची रक्कम इतकी, माझी एक भिशी आहे जी मी तुम्हाला सांगितली नव्हती. मग ते आपणहून बोलले. आणि वेळ रात्रीची नको. रात्री थकलेल्या माणसाला प्रत्येक प्रश्न आरोप वाटतो.

---

कृष्णाकाठ

ताई, पुरुष गप्प बसतो ते बहुतेक वेळा लाजेनं. घरच्यांपुढे आपण कमी पडलो हे तोंडानं म्हणवत नाही. "ठीक होईल" हे तो तुमच्यापेक्षा स्वतःलाच सांगत असतो. त्यांच्या एखाद्या जवळच्या मित्राला, भावाला सोबत घ्या. आमच्याकडे हातउसन्यांचं माझ्या चुलत्यानं बसून मिटवलं, तेव्हा सगळ्यांनाच हलकं वाटलं.

---

हिशेबनीस

रात्रपाळी, तुम्ही विचारलंत तसंच विचारायला कित्येक घरच्या बायका माझ्या टेबलापाशी यायच्या, फक्त फार उशिरा. तुम्ही वेळेत आहात असं समजून लिहितो.

सगळ्यात आधी दोघांनी बसून एका कागदावर प्रत्येक कर्जाची ओळ लिहा: कुणाचं, किती बाकी, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला, जामीनदार कोण, तारण काय. मोबाइल ॲपवरून घेतलेलं कर्जही त्यात धरा, लोक तेच सांगायचं टाळतात. आठवणीवर विसंबू नका. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट देतात. तो त्यांनी स्वतःच काढायचा आहे, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येतो. बँका आणि वित्तसंस्थांची कर्जं त्यात दिसतील. खासगी हातउसने दिसणार नाहीत, ते तोंडी विचारावे लागतील.

मग पाकिटं फोडा, दोघांनी मिळून, तारखेप्रमाणे लावून. नोटिशीत उत्तराची मुदत दिलेली असते, ती आधी बघा. मुदत संपायची असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्या शाखेत जा. तोंडी बोलून येऊ नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात अडचण का आली, आत्ता किती भरू शकता आणि कधीपासून पूर्ण हप्ता जमेल, हे तिन्ही लिहा. जमेल तेवढाच आकडा लिहा. मॅनेजरला खूश करायला मोठा आकडा लिहून पुढच्या महिन्यात तो चुकला तर आधीच्या अर्जाचाही उपयोग राहत नाही.

फेडताना सगळ्यात जास्त व्याजाचं आधी घ्या. कार्ड आणि ॲपचं कर्ज सहसा सर्वात महाग असतं. घरात सोनं असेल आणि ते ठेवायची तुमची दोघांची तयारी असेल, तर बँकेच्या सोनेतारण कर्जाचा दर त्याहून खूप कमी पडतो. पण त्या पैशातून जुनं महाग कर्ज त्याच दिवशी बंद करायचं आणि बंद झाल्याचा दाखला घ्यायचा. कुणी सावकाराचं असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात करता येते.

वसुलीवाले त्रास देत असतील तर तेही सांगा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तुम्ही लिहिलंत की फोन रात्री येतात. त्या फोनांच्या वेळा त्या कागदाच्या मागे लिहून ठेवायला मिस्टरांना सांगा.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. पारिजातताई, माझीही एक भिशी आहे, त्यांना माहीत नसलेली. तिच्यापासूनच सुरुवात करते. रविवारी माझी सुट्टी आहे आणि दीर येणार आहेत, तेव्हा दुपारी बसू.

हिशेबनीसकाका, एकच विचारायचं राहिलं. त्यांच्या एका कर्जाला मी सही केल्याचं आठवतं, पण जामीनदार म्हणून की सहकर्जदार म्हणून ते आठवत नाही. ते कुठे कळेल?

---

हिशेबनीस

तुमचाही क्रेडिट रिपोर्ट काढा. त्यात प्रत्येक कर्जापुढे तुमचं नातं वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार ते लिहिलेलं असतं. शिवाय शाखेत कर्ज कराराची प्रत मागा, सही करणाऱ्याला ती मागता येते. दोन्हीत फरक दिसला तर करारातलं धरा आणि मला इथेच कळवा.